मोठ्या बाई आणि समजा सर

वर्ष संपत आलं की मुख्याध्यापिकेला मनोगत लिहावं लागतं. शाळेच्या वार्षिक अंकात ते पहिल्या पानावर छापतात, शेजारी तिचा फोटो असतो आणि ते कुणीही वाचत नाही. मुलं थेट विनोदांचं पान उघडतात, पालक आपल्या पोराचं नाव कुठे आलंय का ते शोधतात आणि शिक्षक आपला फोटो कसा आलाय ते बघतात. तरी मनोगत लागतंच. त्याच्याशिवाय अंक छापायला जात नाही.

या शाळेच्या मोठ्या बाईंनी यंदाचं मनोगत एका बैठकीत उरकून टाकलं. गेल्या वर्षीचं समोर ठेवलं आणि जसंच्या तसं उतरवून काढलं. ‘सरते वर्ष आपणा सर्वांसाठी आनंदाचे आणि प्रगतीचे ठरले’ हे वाक्य लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही. एरवी शेजारच्याच्या पेपरात नुसतं डोकावलं तरी मुलांना फैलावर घेणाऱ्या बाई. पण स्वतःचीच कॉपी केली तर त्यांना कोण विचारणार?

मुलं त्यांना पाठीमागे ‘इस्त्री’ म्हणायची. छत गळो, पालक भांडायला येवोत, दहावीचा निकाल घसरो, बाईंच्या चेहऱ्याची घडी कधी मोडली नाही. आजवर तो स्वभाव होता. या वर्षी मात्र प्रकरण स्वभावाच्या पुढे गेलं होतं. बाईंना खरोखरच काही वाटेनासं झालं होतं. दात काढायच्या आधी सुई देतात, मग गाल आपलाच असतो पण बोट लावलं तर दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं त्यांचं सगळं आयुष्य झालं होतं. स्नेहसंमेलनात मुलींनी नाटक केलं, सगळं सभागृह हसून हसून लोळलं, बाईंनी योग्य त्या ठिकाणी टाळ्या वाजवल्या. जुना शिपाई निवृत्त होताना ढसाढसा रडला, बाईंनी त्याला पाण्याचा ग्लास दिला आणि घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्या शहरातली लेक फोनवर वैतागून म्हणायची, “आई, तू बोलतेयस की सूचना वाचून दाखवतेयस? बरं, बाबा कसे आहेत?”

“मजेत,” बाई सांगायच्या.

बाबा मजेत नव्हते. बाबा म्हणजे बाईंचे यजमान, याच शाळेतले गणिताचे सर. त्यांच्या तोंडी कायम ‘समजा’. समजा, वडिलांचं वय क्ष आहे. समजा, हे एक वर्तुळ आहे. समजा, तू गृहपाठ केला आहेस. त्यामुळे अख्खी शाळा त्यांना ‘समजा सर’ म्हणायची आणि हे सरांना ठाऊकही होतं. खरं तर ते बाईंना वरिष्ठ. मुख्याध्यापकाची खुर्ची आधी त्यांनाच देऊ केली होती. त्यांनी हात जोडले. म्हणाले, “मला फळा पुरे. आणि घरातही माझं काही चालत नाही, तर शाळेत उगाच सवय कशाला मोडू?” खुर्ची बाईंकडे आली आणि दोघांचा संसार तसाच सुरळीत चालू राहिला.

सुरळीत चालला त्यालाही एक कारण होतं. दोघांनी लग्नानंतर लगेचच एक नियम घालून घेतला होता. शाळेतलं शाळेत, घरातलं घरात. शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की ते ‘सर’ आणि त्या ‘बाई’. बाहेर पडलं की ‘अगं’ आणि ‘अहो’. सकाळी घरी कडाक्याचं भांडण झालेलं असलं, तरी मधल्या सुट्टीत सर दारावर टकटक करून “येऊ का बाई?” असंच विचारणार. नवे शिक्षक यायचे, त्यांना कितीतरी दिवस पत्ताच लागायचा नाही की हे दोघं नवरा-बायको आहेत. एका नव्या इंग्रजीच्या मास्तरांनी तर सरांपाशीच बाईंची मनसोक्त निंदा केली होती. सरांनी शांतपणे ऐकून घेतली, दोन मुद्दे स्वतःचे घातले आणि घरी येऊन अवाक्षर काढलं नाही. बाईंना ते कळलं फार पुढे, त्या मास्तरांकडूनच.

गेल्या सुट्टीत सरांचं विसरणं वाढलं. चष्मा वगैरे सगळेच विसरतात, त्याचं काही नव्हतं. सर नेहमीच्या वळणावरून भलतीकडे वळायला लागले. लेकीच्या नवऱ्याला “आपण कोण?” असं आदबीनं विचारून बसले, त्याने ती थट्टाच समजली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं, आणि हे हळूहळू वाढत जाणार, मागे फिरणार नाही, हेही सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सर म्हणाले, “वर्गात मला काही होत नाही गं. फळ्यापाशी उभा राहिलो की सगळं जागच्या जागी येतं. हे वर्ष आणि पुढचं शेवटचं, एवढी दोन काढू दे. निवृत्त झालो की मग काय व्हायचं ते होऊ दे.”

“हो,” बाई म्हणाल्या. त्या एका ‘हो’वर त्यांनी अख्खं वर्ष रेटलं.

त्या कामाला लागल्या. तपासण्यांचे कागद कपाटाच्या खणात गेले. सकाळी सरांचे कपडे काढून ठेवायचे, शाळेत सोबत जायचं, सोबत यायचं. स्वयंपाकघरात त्यांना गॅसजवळ जाऊ द्यायचं नाही, पण तसं भासूही द्यायचं नाही. सरांचे पेपर तपासायला त्यांनी स्वतःकडे घेतले, “विषयाचा हात सुटू नये म्हणून,” असं सगळ्यांना सांगितलं. लेकीला कळू दिलं नाही, शाळेला तर नाहीच. सरांकडे यंदा नववी ब एवढाच वर्ग ठेवला. आणि दररोज एकदा तरी त्या वर्गाच्या व्हरांड्यातून फेरी मारायची. आतून सरांचा खणखणीत आवाज यायचा, “समजा, हे एक वर्तुळ आहे,” आणि पाठोपाठ मुलांचं एका सुरातलं उत्तर. वर्गात खरंच काही होत नाही, असं मनाशी म्हणत बाई पुढे जायच्या. दर फेरीला आतून वर्तुळच कसं काय ऐकू येतं, हा प्रश्न त्यांच्या कानावरून गेला असेल, पण आत शिरला नाही. हल्ली काहीच आत शिरत नव्हतं.

आणि मग वार्षिक परीक्षा झाली.

बाई आपल्या खोलीत नववी बचे गणिताचे पेपर तपासत बसल्या होत्या. टेबलाच्या काचेखाली जुने फोटो, खिडकीबाहेर रिकामं मैदान, कोपऱ्यात एकावर एक चढवलेली मोडकी बाकं. समोर पर्यवेक्षक गुणांची बेरीज पडताळत होते. पर्यवेक्षक हा माणूस वाईट नव्हता, पण त्यांना जिथे तिथे कॉपी दिसायची. दोन मुलं एकाच वेळी शिंकली तरी ते नोंद घेत. अचानक त्यांनी पेन खाली ठेवलं.

“बाई, हे बघा. हा पेपर बघा, आणि आता हा बघा.”

बाईंनी पाहिलं. वर्तुळाच्या प्रश्नाला प्रत्येक मुलाने ‘समजा’ने सुरुवात केली होती. त्यात नवल नव्हतं, सरांचा कुठलाही विद्यार्थी तसंच लिहितो. पण समीकरणांच्या प्रश्नाला एकाही पेपरात ‘समजा’ नव्हतं. तिथे प्रत्येकाने लिहिलं होतं, ‘चला, वडिलांचे वय क्ष धरू.’ पुढच्या प्रश्नाला ‘चला, आता आलेख काढू.’ हुशार मुलांनीही चला, ढ मुलांनीही चला. पायऱ्या त्याच, शेवटी ताळा करून भोवती काढलेली चौकटही तीच.

“सामुदायिक कॉपी,” पर्यवेक्षकांचा आवाज आनंदाने कापत होता. उभ्या नोकरीत एवढं मोठं घबाड त्यांच्या हाती लागलं नव्हतं. “अख्खा वर्ग, बाई! पेपर रद्द करा. फेरपरीक्षा घ्या. पालकांना बोलवा.”

“आधी विचारू तरी,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी वर्गाच्या मॉनिटरला बोलावून घेतलं.

ही मॉनिटर म्हणजे चष्मेवाली, किडकिडीत पोरगी. शिक्षकांच्या खोलीत तिला ‘वकीलबाई’ म्हणत, कारण अर्ध्या गुणासाठी ती तासभर वाद घालायची. पर्यवेक्षक बाहेर जाऊन बसले. वकीलबाई आत आली, समोरचे पेपर तिने पाहिले आणि बाईंनी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, “हो बाई. कॉपी केली आम्ही.”

“कुणी?”

“सगळ्यांनी.”

“कुणाची?”

“सगळ्यांची.”

“सगळ्यांनी सगळ्यांची,” बाई म्हणाल्या. “मग आधी लिहिलं कुणी?”

वकीलबाईने चष्मा सारखा केला. ही मुलगी गप्प बसू शकते हे बाईंना आजच कळत होतं.

“वर्गाचा पेपर रद्द होईल. सुट्टीत फेरपरीक्षा होईल. प्रत्येकाच्या घरी कळवावं लागेल.”

“चालेल बाई. आम्ही बसू परीक्षेला. फक्त सरांना नका बोलावू. त्यांना कशाला त्रास?”

अर्ध्या गुणासाठी जीव टाकणारी पोरगी अख्खा पेपर हसत हसत सोडून द्यायला निघाली होती. बाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला आणि मनाने एक गणित घातलं. आई आणि मुलगी, दोघींच्या वयांचं. “सोडव.”

मुलीने पेन घेतलं. ओठ हलले, “चला, मुलीचं वय क्ष धरू,” कागदावर ‘चला’ उमटलं आणि तिच्या लक्षात आलं. तिने पेन खाली ठेवलं आणि चष्मा काढून रडायला लागली. हुंदके देत, खांदे गदागदा हलवत, नाक पुसायचंही भान न ठेवता. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. किती छान रडता येतं हिला, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी पाणी पुढे केलं.

“हे ‘चला’ तुझं आहे तर,” त्या म्हणाल्या. “सांग आता.”

मग तिने सांगितलं. सहामाहीनंतर सरांनी वर्तुळ शिकवायला घेतलं. फार सुंदर शिकवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्तुळच सुरू केलं, पहिल्यापासून. मुलांना वाटलं उजळणी असेल. तिसऱ्या दिवशीही तेच. पोरं खुसूखुसू हसायला लागली, मागच्या बाकावरचा एक जण म्हणालाही, वर्तुळच ते, संपणार कसं? मग एक दिवस सर फळ्यापाशी हातात खडू घेऊन थांबले. बराच वेळ थांबले. मागे वळून मुलांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “आपण काय करत होतो?” वर्गात कुणी हसलं नाही. त्याच मागच्या बाकावरच्याने उठून सांगितलं, “सर, तुम्ही वर्तुळ शिकवणार होता.” सरांचा चेहरा असा खुलला की काय सांगू, बाई.

“तेव्हापासून सर रोज वर्तुळ शिकवतात, आणि आम्ही रोज पहिल्यांदाच शिकतो.”

“आणि बाकीचे धडे?”

“ते मी घेते. मधल्या सुट्टीत, चित्रकलेच्या खोलीत. माझ्या ताईच्या वह्या आहेत घरी, त्यातून रात्री करून आणते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगते. ज्यांना पटकन जमत नाही त्यांना दुसरे सांगतात. कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय आमचं. एकानेही फोडलं नाही, बाई.” एवढ्या रडण्यातही तिच्या आवाजात जरासा ताठा आला.

“सरांना यातलं काही माहीत आहे?”

“नाही. त्यांना वाटतं आमचा वर्ग जरा ढ आहे.” तिने नाक ओढलं. “म्हणजे आम्ही रोज मुद्दाम चुका करतो ना. पाळी लावलीय, आज जीवा कोण चुकणार, उद्या त्रिज्या कोण चुकणार. नाहीतर सर समजावून काय सांगणार?”

बाई ऐकत होत्या. व्हरांड्यातून रोज ऐकू यायचा तो एका सुरातला आवाज त्यांना आठवला. आता रडू यायला हवं, हे त्यांना कळत होतं. आलं नाही. त्यांनी पेपरांचा गठ्ठा नीट केला, कडा जुळवल्या.

“बाई, सरांना काढणार का तुम्ही?” मुलीने विचारलं. “पुढच्या वर्षीच्या नववीलाही आम्ही सांगून ठेवू. ते लोक पण सांभाळतील. तुम्ही कुणाला बोलू नका फक्त. आणि तुम्हाला तर सगळं माहीतच असेल ना, तुम्ही घरी...” तिने जीभ चावली. बाईंना घराविषयी बोललेलं चालत नाही, हे शाळेतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

“पेपर रद्द होणार नाही,” बाई म्हणाल्या. “जा तू. तोंड धुऊन घरी जा.”

ती गेली आणि पर्यवेक्षक लगबगीनं आत आले. “कबूल केलं ना?”

“कॉपी नाही झाली. सगळ्यांना एकाच माणसाने शिकवलंय, म्हणून सगळ्यांचं सारखं आहे.”

पर्यवेक्षकांचा चेहरा उतरला. पण माणूस दिलदार होता, लगेच सावरला. “म्हणजे आपल्या सरांनीच! मानलं पाहिजे हं. या वयात शिकवण्याची पद्धत बदलली. मग काय, मिटलं.”

खरंच मिटलं होतं. नुसतं ‘हो’ म्हणायचं. मुलं सुटली असती, सर सुटले असते, पुढच्या वर्षी कुणीतरी दुसरी वकीलबाई रात्रीची जागली असती आणि व्हरांड्यातून वर्तुळ ऐकू आलं असतं. एक ‘हो’ बाईंनी दवाखान्याच्या पायऱ्यांवर म्हटला होताच. दुसरा ओठांवर होता. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग टेबलावरच्या कोऱ्या कागदाकडे. त्यावर नुसतं ‘चला’ लिहिलेलं होतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “सरांनी नाही शिकवलं. सरांना आता शिकवणं जमत नाही. त्यांना विसरण्याचा आजार आहे.”

वर्षभरात हे वाक्य त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पर्यवेक्षक न विचारताच खुर्ची ओढून बसले. थोडा वेळ टोपण काढत, लावत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “मध्ये एकदा त्यांनी मला जिना कुठे आहे ते विचारलं होतं. मी त्यांना वर्गापर्यंत सोडून आलो.”

“मग मला बोलला का नाहीत?”

“तुम्हाला काय सांगायचं, बाई? स्टाफरूममध्ये सगळ्यांनाच थोडंफार कळलं होतं. तुम्हाला माहीत असणारच, आणि तुम्ही दाखवत नाही म्हणजे आपणही दाखवायचं नाही, असं आमचं झालं.”

म्हणजे अख्खी शाळा बाईंपासून लपवत होती आणि बाई अख्ख्या शाळेपासून. एरवी या गोष्टीवर सर पोट धरून हसले असते. बाईंनी मान हलवली, पुढच्या वर्षी नववी बला गणित कोण घेईल हे पर्यवेक्षकांशी दोन मिनिटांत ठरवून टाकलं आणि त्यांना जायला सांगितलं. मग उठून त्या स्वतःच स्टाफरूमच्या दारात गेल्या.

“सर, जरा येता का?”

सर आले. दार उघडंच होतं, तरी त्यांनी टकटक केलं. “येऊ का बाई?”

“या. बसा.”

हे शाळेतलं काम होतं, तेव्हा ते शाळेतच करायचं. नापास मुलांच्या आईबापांशी बोलताना बाई जे करायच्या तेच त्यांनी केलं. प्रस्तावना नाही, गोल गोल बोलणं नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि सांगून मोकळं व्हायचं.

“सर, पुढच्या वर्षी तुम्हाला वर्ग देता येणार नाहीत. निवृत्तीपर्यंतचं ते वर्ष तुम्ही रजेवर काढा.”

सर खिडकीकडे बघत राहिले. त्यांच्या बाहीला खडूची भुकटी लागली होती. परीक्षा होऊन गेलेल्या शाळेत ती कुठून लागली, कोण जाणे.

“माझं काही चुकलं का?”

“नाही.”

“मुलांची तक्रार आहे?”

“मुलं तुमच्याविषयी वाईट शब्द बोलत नाहीत.”

“नववी ब जरा कच्ची आहे,” सर म्हणाले. “रोज त्याच त्या चुका. पण गोड आहेत पोरं. मी नेट लावून वर्तुळ पक्कं करून घेतलंय त्यांचं.”

“झालंय पक्कं. पेपर मी बघितले. एकाचंही चुकलेलं नाही.”

“मग झालं तर.” सरांना खरोखर बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, उठायला म्हणून जरा पुढे झाले आणि पुन्हा मागे टेकले. “तुम्ही म्हणताय म्हणजे विचार करूनच म्हणत असणार, बाई. माझी ना नाही. फक्त एक अडचण आहे. घरी कसं सांगू?”

बाईंनी समोरच्या गठ्ठ्याच्या कडा पुन्हा जुळवल्या.

“आमच्या हिला फार लागेल ते,” सर म्हणाले. “वरून काही दाखवायची नाही ती. लोकांना वाटतं दगड आहे. पण मला ठाऊक आहे ना. हल्ली तर ती बोलतच नाही. सगळं करते, माझ्या बटणांपासून सगळं, पण हसत नाही, रडत नाही. माझ्यामुळे झालंय ते. त्यात आता हे सांगायचं.”

सर थट्टा करतायत का, म्हणून बाईंनी त्यांचे डोळे निरखले. थट्टेत सरांचा उजवा डोळा जरा बारीक व्हायचा. तो तसा झाला नव्हता. समोर बसलेला माणूस आपल्या मुख्याध्यापिकेला आपल्या बायकोविषयी सांगत होता. इतकी वर्षं दोघांनी मिळून जी भिंत राखली, तिच्या दोन बाजूंना सरांच्या डोक्यात आता दोन वेगळ्या बायका होत्या.

“मी सांगते त्यांना,” बाई म्हणाल्या. आवाज कुठून आला त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

“नको नको.” सर घाईने म्हणाले. “राग मानू नका बाई, पण तुमचं बोलणं जरा कोरडं असतं. मीच सांगतो. आधी चहा करून देतो, मग सांगतो.”

शाळा सुटायची वेळ नव्हती, कारण शाळा सुटलेलीच होती. नेहमीसारखे दोघं बरोबर निघाले. फाटकाबाहेर पाऊल पडलं आणि सर म्हणाले, “अगं, पिशवी दे इकडे, जड दिसतेय.” बाईंनी पिशवी दिली. रस्त्यात सर दुकानांच्या पाट्या वाचत चालले होते. वळण आलं तेव्हा बाईंनी त्यांची बाही धरली आणि ते न बोलता त्यांच्याबरोबर वळले. वाटेत पेपरांचा, वर्गाचा विषय निघाला नाही. बाईंना वाटलं, विसरले असतील. तेही बरंच, असं वाटून घ्यायचा त्यांनी प्रयत्न केला.

घरी आल्यावर सर चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात गेले. “तू बस. आज चहा मी करणार.”

एरवी बाईंनी काहीतरी निमित्त काढून त्यांना गॅसपासून दूर केलं असतं. आज त्या दारात उभ्या राहून बघत राहिल्या. सरांनी डबे उघडले, झाकले, पुन्हा उघडले. साखर शोधायला वेळ लागला. बाईंनी सांगितली नाही, त्यांनीच शोधली. दोन कप भरून त्यांनी टेबलावर ठेवले, बाईंच्या समोरची खुर्ची घेतली आणि घसा खाकरला.

“अगं, एक सांगायचंय. घाबरू नकोस. पुढच्या वर्षी मला वर्ग नाहीत. आज मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं.”

बाईंनी कप उचलला होता, तो तसाच खाली ठेवला. हेच दुपारी त्यांनी स्वतः सांगितलं होतं. पण दुपारी ते मुख्याध्यापिकेने म्हटलं होतं. बायकोने ते आत्ता ऐकलं, पहिल्यांदाच.

“काय म्हणाल्या?” त्यांनी विचारलं.

“सरळ सांगितलं. आढेवेढे घेतले नाहीत. आणि त्यांचं बरोबर आहे गं. मी तुला बोललो नव्हतो, पण वर्गातही व्हायला लागलंय मला. मध्येच सगळं पुसलं जातं. मुलं बघत बसतात माझ्याकडे. तुला सांगितलं असतं तर तू अजून गप्प झाली असतीस, म्हणून म्हटलं जाऊ दे.” सरांनी चहाचा घोट घेतला. “तू त्यांच्यावर राग धरू नकोस हं. त्यांनाही सोपं गेलं नसणार. चेहरा असा कडक ठेवला होता, पण पेपरांच्या कडा उगाच पुन्हा पुन्हा जुळवत होत्या. मला वाईट वाटलं बघून. दिवसभर लोकांना असलं काही सांगत बसायचं, आणि घरी गेल्यावर त्यांना कपभर चहा करून द्यायला तरी कुणी असेल का, कोण जाणे.”

“आहे,” बाई म्हणाल्या.

 वर्षभर जे कुठे गेलं होतं ते सगळं एकदम आलं. टेबलावर डोकं ठेवून त्या रडल्या, मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं, त्या चष्मेवाल्या पोरीसारखं नाकाडोळ्यांचं भान सोडून. सर गडबडून उठले, खुर्ची त्यांच्या बाजूला ओढून बसले आणि पाठीवरून हात फिरवू लागले. आपली नोकरी गेली म्हणून ही एवढी रडतेय, असं त्यांना वाटत होतं.

“अगं, वेडी का तू?” ते म्हणाले. “वर्ग गेला फक्त. मी थोडाच कुठे चाललोय?”

हे ऐकून बाईंनी त्यांचा हात घट्ट धरला आणि त्या आणखीच रडू लागल्या.